चिठ्ठीत निघालेली आई

आमच्या कंपनीत कुणाकडेच कायमचं काम नव्हतं. आज ज्यानं मुख्य भूमिका केली तो उद्या सतरंज्या झटकत असे, आणि आज जी पाचवीच्या वर्गाला शिकवून आली तिच्या वाट्याला उद्या ढोलकी येई, मग ती वाजवता येवो न येवो. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतल्या एका भाड्याच्या घरात आम्ही सहा जण होतो. खेड्यांतल्या शाळांत जाऊन शिकवायचं, शिकवता शिकवता तिथल्या मुलांबरोबर त्यांच्याच गावाचं एखादं नाटक रचायचं आणि ते त्याच गावात करून दाखवायचं, असं आमचं काम. आम्ही स्वतःला नाटक कंपनी म्हणत असू. देवळीला माझी आई मात्र शेजारणींना "सायली कंपनीत हाय" एवढंच सांगायची. एकदा समोरच्या काकूंनी विचारलं, "काय बनवते वं ते कंपनी?" आई म्हणाली, "काहीतरी बनवतच असन ना. सकाळच्या पहिल्या गाडीनं जाते पोरगी."

ते घर मला अजून खोलीखोलीनं आठवतं. पुढे एक लांब खोली, तिथे तालमी. मागे स्वयंपाकघर आणि शेवग्याचं झाड असलेलं छोटं अंगण. शेजारी पिठाची गिरणी होती. ती सकाळी दहाला सुरू व्हायची आणि मग भिंतीसुद्धा थरथरायच्या. नव्या माणसाचा आवाज गिरणी चालू असताना मागच्या अंगणात ऐकू गेला की तो पास, असं ठरलेलं होतं. माझा आवाज वर्षभर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतही पोचला नाही. स्वयंपाकही पाळीनंच. प्रमोददादा, जो आधी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि आमच्यातला सगळ्यात जाणता नट होता, त्याच्या पाळीला डाळीचे गोळे घालून केलेला गोळाभात असे. भातावर तो लसूण आणि लाल मिरचीची फोडणी अशी ओतायचा की तो चर्र आवाज ऐकून पुढच्या खोलीतली तालीम आपोआप संपायची. माझ्या पहिल्या पाळीला मी बेसन केलं. घरी आईनं मला कधी चुलीजवळ येऊच दिलं नव्हतं, अभ्यास कर म्हणायची. सगळे मुकाट्यानं जेवले. कुणाच्याही कामाला "छान" म्हणायचं नाही, आपण काय पाहिलं तेवढंच सांगायचं, हाही आमचा एक नियम होता. प्रमोददादानं शेवटचा घास गिळला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "मी यात गाठी पाह्यल्या. लय पाह्यल्या. एक त माह्याकडं पाहून राह्यली होती." मी इतकी हसले की आमच्यातल्या वैशालीनं मला पाणी आणून दिलं. त्या घरात मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले ते तेव्हा.

मी मोठ्यानं बोलत नसे, हसतही नसे, याचं कारण मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आता येतं. बाबांचं देवळीला बी-बियाण्यांचं दुकान. दुकानात बाबा दिवसभर वऱ्हाडीत बोलत. "काय गा, कपाशी काय म्हणते?" इथपासून ते "या वर्षी ते बियाणं नोको घेऊ, माह्यं आयक" इथपर्यंत. त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू यायचा. पण मी दुकानात पाऊल टाकलं की ते थांबत, घसा साफ करत आणि पुस्तकातल्यासारखं विचारत, "सायली, जेवण झालं का?" मला कॉन्व्हेंटमध्ये घातल्यापासून हे सुरू झालं होतं. पाहुण्यांसाठी काचेच्या बशा वेगळ्या ठेवतात, तशी माझ्यासाठी एक वेगळी भाषा ठेवलेली होती. शाळेत इंग्रजी, घरी ती जपून वापरायची मराठी, आणि ज्या बोलीत माझं सगळं घर हसायचं, भांडायचं, ती मी फक्त ऐकायची. बाबांच्या मनात प्रेमच होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती. पण त्यामुळे मी माझ्याच घरात वाढले ती जरा पाहुण्यासारखी, कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे पाहत. कंपनीत मला घेतलं तेही माझ्या पाहण्यामुळेच. मी नोंदी चांगल्या लिहायचे.

शालूताईंनी मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की इथे नुसतं लिहिणारं कुणी नसतं. शालूताई पन्नाशीच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस-बावीस वर्षं शिकवून नोकरी सोडलेल्या. कंपनी त्यांनी सुरू केली, पण नियम सगळ्यांनी मिळून ठरवले होते आणि त्या स्वतः त्या नियमांना सर्वांत जास्त घाबरून असत. शिकवणाऱ्यानं खेळायचं, खेळणाऱ्यानं शिकवायचं. प्रयोग चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीही "थांबा" म्हटलं तर थांबायचं आणि त्याचं ऐकून, त्याला उत्तर देऊनच पुढे जायचं. सहातल्या एकानंही "नाही" म्हटलं तर प्रयोग होणार नाही, मग बाकीच्या पाचांना कितीही वाईट वाटो. आणि आमचा सगळ्यात विचित्र नियम चिठ्ठ्यांचा. प्रत्येकानं सगळ्यांच्या भूमिका पाठ करायच्या. प्रयोगाच्या दिवशी, त्या गावच्या मुलांसमोर, स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी उचलायची आणि जे निघेल ते करायचं. एकच माणूस कायम राजा आणि एक कायम भालदार असं झालं की शिकवतानाही तोच राजा होऊन बसतो, असं शालूताई म्हणत.

नियम असा, आणि मी तो वर्षभर मोडत होते. मला बोलायची भूमिका निघाली की मी चिठ्ठी मुठीत घेऊन वैशालीशेजारी जाऊन उभी राहायचे. वैशाली माझ्याच वयाची, सेलूची, तोंडात लाह्या फुटाव्यात तसं बोलणारी. ती काही न विचारता आपली चिठ्ठी माझ्या हातात सरकवायची आणि माझी घ्यायची. मग मी झाड व्हायचे, गावकरी क्रमांक तीन व्हायचे, एकदा विहीर झाले. सगळ्यांना माहीत होतं. प्रमोददादाला, शालूताईंनाही. कुणी काही बोललं नाही, कारण सगळ्यांचा माझ्यावर जीव होता. जीव असलेल्या माणसांनी मिळून केलेली ही चूक होती, आणि ती इतकी मऊ होती की चूक वाटतच नव्हती.

त्या वर्षी आम्ही हिंगणीच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका लहान गावात शिकवत होतो. थंडीत सुरुवात केली तेव्हा पोरी वर्गात ओच्यात भरून तुरीच्या शेंगा आणायच्या. शाळेतल्या बाई त्या मीठ घालून उकडायच्या, आणि सोलता सोलता आमचा तास चालायचा. गावची शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी हिंगणीला जायचं तर चार किलोमीटर रस्ता, त्यातला निम्मा जंगलाच्या कडेनं. वाघाची भीती खरी होती, वाघाशिवायच्या इतर भीतीही खऱ्या होत्या. मुलगे सायकलवर जात. मुली सातवीनंतर घरी बसत. पोरींनी स्वतःच नाटकासाठी हा विषय निवडला. त्यात सुमन नावाची एक आई ग्रामसभेत उभी राहून माझी पोरगी पुढे शिकेल असं भांडून सांगते. सुमनचं भाषण पोरींनीच रचलं, त्यांच्या बोलीत, आणि मी ते उतरून घेतलं.

सातवीच्या वर्गात कोमल होती. काटकुळी, तेल लावून घट्ट दोन वेण्या, माझ्यासारखीच कोपरा धरून बसणारी. एकदा वर्गातल्या खेळात तिच्या चिठ्ठीत सरपंच निघाला. सरपंचानं सगळ्यांवर ओरडायचं होतं. कोमल रडायला लागली. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि अगदी शहाण्यासारखं सांगितलं, "कोमल, चिठ्ठीत जे निघालं ते करून बघायचं. भीती वाटली तरी. म्हणून तर आपण चिठ्ठ्या टाकतो." तिनं डोळे पुसले, उठली आणि असा सरपंच केला की बाहेरून शिपाई बघायला आला. त्या रात्री मी नोंदवहीत लिहिलं की कोमलला आज आवाज सापडला. ते वाक्य वाचलं की मला आज स्वतःची थोडी लाज वाटते.

प्रयोग सातवीचा निकाल लागण्याच्या चार दिवस आधी ठेवला होता, ऊन उतरल्यावर, शाळेच्या पटांगणात. एप्रिलचा उन्हाळा, पाच वाजता सावलीतही झळा लागत होत्या. बायका मजुरीवरून थेट आल्या होत्या, कुणाच्या डोक्याला अजून दुपट्टा बांधलेला. वर्गात पोरींसमोर डबा फिरला. मी चिठ्ठी उघडली. सुमन. माझे पाय सवयीनं वैशालीकडे गेले. तिला निघालं होतं "गावकरी दोन". एका क्षणात अदलाबदल झाली.

"सायलीताई, तुमी चिट्ठी बदलवली."

कोमल पहिल्या ओळीत मांडी घालून बसली होती. आवाज मोठा नव्हता, पण वर्गातली कुजबुज थांबली.

"मी पाह्यलं," ती म्हणाली. "तुमाले सुमन निघाली होती. मंग आमाले काऊन म्हनता, जे निघालं तेच करा म्हनून?"

बाहेर ढोलकी तापवत बसलेला प्रमोददादा दारात येऊन उभा राहिला. वैशाली म्हणाली, "अवं पोरी, ताईची तब्येत..." आणि शालूताईंनी हात वर करून तिला थांबवलं. त्या पोरींसमोर खाली बसल्या.

"कोमल खरं बोलते आहे," त्या म्हणाल्या. "सायली वर्षभर चिठ्ठी बदलते आहे आणि मी वर्षभर दुसरीकडे बघते आहे. चूक तिची एकटीची नाही."

"आपन सगळेच चोर हाओत, बावा," प्रमोददादा दारातून म्हणाला.

शालूताई माझ्याकडे वळल्या. "सायली, 'नाही' म्हणायचा हक्क तुला आहे. तू म्हणालीस तर आपण बाहेर जाऊन सांगू की आज प्रयोग नाही. कुणी तुला बोल लावणार नाही. चिठ्ठी बदलायचा हक्क मात्र कुणालाच नाही."

तो शब्द माझ्या ओठांवर होता. अगदी सोपा, दोन अक्षरांचा. खिडकीतून पटांगण दिसत होतं, बायका एकमेकींना सरकून जागा देत होत्या. मी "नाही" म्हटलं असतं तर त्या उठून घरी गेल्या असत्या, आणि समोरच्या या सतरा पोरींना कळलं असतं की ताई शिकवतात ते फक्त पोरींसाठी असतं. मी वैशालीसमोर हात केला. तिनं चिठ्ठी परत दिली.

"मला सुमनसारखं बोलता येत नाही," मी पोरींना म्हणाले. इतक्या महिन्यांत मी त्यांच्यासमोर बोललेलं हे पहिलं खरं वाक्य असावं. "पाठ आहे, पण बोलता येत नाही. कुणी शिकवता का?"

कोमल उठली. नंतरचा पाऊण तास ती माझी शिक्षिका होती. मी भाषणाची पहिली ओळ म्हटली. तिनं मान हलवली. "तुमी वाचून राह्यल्या." मी पुन्हा म्हटली. "आता तुमी टीव्हीवरच्या बाईवानी बोलून राह्यल्या." पोरी खिदळल्या. तिसऱ्यांदा म्हटली. कोमलनं कपाळावर हात मारला, थेट तिच्या सरपंचासारखा. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, तुमच्या घरी कोनी भांडते का नाई?"

"भांडतात."

"कसे?"

मी डोळे मिटले. आणि मला बाबा ऐकू आले, माझ्याशी बोलणारे नव्हे, दुकानातले. एकदा कुणा कंपनीचा माणूस एका शेतकऱ्याला उगवणार नाही असं बियाणं गळ्यात मारत होता, तेव्हा काउंटरवर दोन्ही तळवे टेकून बाबा त्याला म्हणाले होते, "माह्या दुकानात खोटं नाई चालत, समजलं काय?" मी तळवे टेबलावर टेकले आणि तेच वाक्य म्हटलं. ते माझ्या तोंडातून न अडखळता आलं. वीस वर्षं मी ते सगळं ऐकत आले होते, ते कुठे जाणार होतं?

कोमलनं या वेळी मान डोलावली. "हाव," ती म्हणाली. "आता जा."

सुमनचं लुगडं नेसून मी पटांगणात उतरले. नाटक पुढे गेलं, ग्रामसभा भरली, प्रमोददादाच्या सरपंचानं विचारलं, "कोनाले काई बोलाचं हाय काय?" आणि मी उठले. "मले बोलाचं हाय." पहिली दोन वाक्यं पाठ केलेली होती. तिसऱ्या वाक्याला मी समोरच्या बायकांकडे पाहिलं, आणि पाठ केलेलं म्हणते आहे हे विसरले. माझा आवाज पटांगणाच्या भिंतीवर आपटून परत आलेला मला ऐकू आला. तो माझा आहे हे समजायला एक क्षण लागला.

"थांब वं बाई."

मधल्या ओळीतून एक बाई उठली होती. डोक्याला दुपट्टा, हातात विळा तसाच. मागून कुणीतरी हसून म्हणालं, "पाहा, कोमलची माय उठली!" म्हणजे ही कोमलची आई. मी थांबले. सगळे थांबले.

"तू लय सोपं बोलून राह्यली," ती म्हणाली. "पोरीले धाडा म्हन्ते. त्या रस्त्यानं तू गेली काय कधी? भेव काय असते मालूम हाय काय तुले?"

याचं उत्तर पोरींनी रचलेलं नव्हतं. शालूताई एका बाजूला उभ्या होत्या, त्यांनी मदत केली नाही. करणारही नव्हत्या.

"मालूम हाय," मी म्हणाले. "मले आताच भेव लागून राह्यलं. माहे पाय पाहा." आणि मी लुगड्याचा काठ जरासा वर उचलला. पाय कापत होते. बायका खळखळून हसल्या. कोमलची आईसुद्धा हसली, मग पुन्हा गंभीर झाली.

"तरीबी उभी राह्यली ना?" मी म्हणाले. "घंटाभर पह्यले मी मांगं लपून राह्यली होती. तुमच्याच पोरीनं मले पकडलं. खोटं करून राह्यल्या म्हने तुमी. सगळ्यांच्या समोर. एवढी हिंमत हाय तिच्यात. हे पोरगी तुमी घरी बसवाल?"

कोमलच्या आईनं मागे वळून पाहिलं. कोमल दाराच्या चौकटीला धरून उभी होती, वेणीचं टोक तोंडात.

"एकटी नाई धाडाची मी," आई म्हणाली, पण आता आवाज खाली आला होता.

"एकटी कोन म्हन्ते? सगळ्या जनी धाडा. नावं टाकाच्या दिवशी मी येतो संगं."

"तू? तू त वर्ध्याची."

"देवळीची हाय. येतो."

"शप्पत खाय."

"कोनाची?"

"माह्या पोरीची नोको खाऊ बाप्पा. तुहीच खाय."

मी गळ्याला हात लावला. "माही शप्पत." पटांगणात टाळ्या सुरू झाल्या. प्रमोददादानं सरपंच असल्याचं विसरून ढोलकी ओढली आणि वाजवायला लागला. नाटकाचे अजून दोन प्रवेश बाकी होते. ते आम्ही केलेच नाहीत. त्यांची गरज उरली नव्हती.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी सातला त्या गावात पोचले. कोमल नवी फीत लावून तयार होती, तिची आई दाखला पदराच्या गाठीत बांधून. आम्ही तिघी निघालो. दुसऱ्या घराशी एक बाई आपल्या पोरीला घेऊन उभी होती, मारुतीच्या पारापाशी आणखी तिघी जणी, आपापल्या पोरींसह. आम्ही पोचलो तशा त्याही आमच्याबरोबर चालायला लागल्या. गावाची शीव ओलांडली तेव्हा मी मोजलं, आम्ही अकरा होतो. जंगलाच्या कडेनं जाताना बायका एवढ्या मोठ्यानं बोलत होत्या की वाघ असलाच तर तोच वाट सोडून गेला असेल.

हिंगणीच्या शाळेच्या फाटकात तिथले कारकून बाबू चहा पीत उभे होते. आमचा घोळका पाहून त्यांनी कप खाली ठेवला.

"काय मोर्चा हाय काय हो?"

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी पुढे झाले.

"मोर्चा नाई, दादा. आठवीत नावं टाकाची हायेत. फारम काढा, पाच."